छपराखालची तुळस

डिचोलीतला माझा हा शेजारी तुळशीची एवढी काळजी घेतो की तिला जगणं कठीण झालंय. अंगणातल्या वृंदावनाला त्याने ग्रॅनाइट लावला आणि वर पत्र्याचं छप्पर घातलं. "आपण सावळेत बसायचं आणि देवीला उन्हात तापत ठेवायचं, बरें दिसतां?" हे 'बरें दिसतां' त्याच्या तोंडी सदाचंच. त्यापलीकडे त्याने कधी काही बघितलेलं नाही.

पानं पिवळी पडली तशी त्याने शेण घातलं, दूध ओतलं, शेवटी दृष्टही काढली.

"अहो, झाडाची पानं उन्हावर रांधतात," मी म्हटलं. "चूल विझवून तांदूळ कसले ओतताय?"

तो माझ्याकडे बघून कीव आल्यासारखा हसला.

तुळस मात्र त्याच्याहून शहाणी. तिची एक फांदी वाकत वाकत छपराबाहेर गेली आणि उन्हात पोचताच हिरवीगार झाली.

तुळशीच्या लग्नाला पाहुणे जमले. त्याने ऊस रोवला, चिंचा-आवळे बांधले, मागे सरून वृंदावन न्याहाळलं आणि बायकोला म्हणाला, "नवरी अशी वाकडी, बरें दिसतां?"

मग आतून कात्री आणून त्याने तेवढी हिरवी फांदी छाटली, आणि उरलेल्या पिवळ्या काटकीवर आम्ही सगळ्यांनी अक्षता टाकल्या.