हाय का? हाय!

आमचे साडू उद्या स्वर्गात गेले, तरी आत शिरण्याआधी दाराच्या बिजागऱ्या हलवून बघतील आणि दार उघडायला जरा वेळ लागला, तर तसेच परत फिरतील. त्यांचा धंदाच तसला. माधवनगरला घरी बसून ते क्लाउडवर भाड्यानं घेतलेले सर्व्हर तपासतात. गिऱ्हाइकाची खरी वेबसाइट चढवण्याआधी एक नमुन्याचं पान चढवायचं. सर्व्हर किती चटकन उत्तर देतो, एक बंद पाडला तर दुसरा काम उचलतो का, ते बघायचं. साडू मूळचे आटपाडीचे, त्यामुळं त्यांच्या पानावर एकच बटण, 'हाय का?' दाबलं की सर्व्हर म्हणतो, 'हाय!' काम देणाऱ्या पुण्याच्या साहेबांना ते इंग्रजी वाटतं आणि तेही खुशीत 'हॅलो' म्हणतात. पण ही बंद पाडायची खोड घरात कशाला? आमच्या वास्तुशांतीला, संध्याकाळच्या ऐन पूजेत, ह्या गृहस्थांनी इन्व्हर्टर काम उचलतो का बघायला मेन स्विच पाडला! अंधारात गुरुजी गप्प, आणि हे आनंदानं ओरडतायत, "बघा साडूभाऊ, न्हाई उचललं!" कपाळ माझं! उशीर तर त्यांना खपतच नाही. चहा टाकला की शेगडीपाशी येरझाऱ्या सुरू.

साडूंची आई गेल्यावर त्यांचे वडील, आप्पा, आटपाडीत एकटे राहिले. माधवनगरला यायला तयार नाहीत, आणि साडूंना फोनवर बोलायला सवड नाही. म्हणून साडूंनी तेच पान आप्पांच्या मोबाइलवर टाकून दिलं. आप्पा दिवसभर बटण दाबायचे आणि गावभर सांगायचे, "पोरगं लय गुणी! कवाबी इचारा, लगेच हाय म्हणतंय." हे कानावर आलं तसे साडू भरल्या ताटावरून उठले. दोन दिवस नुसते घरभर फिरत होते. शेवटी त्यांनी सर्व्हरचं उत्तर काढून टाकलं. आता आप्पांनी बटण दाबलं की साडूंचा मोबाइल वाजतो, आणि हातातलं काम टाकून, पंगतीतून उठून, अंगाला साबण असला तरी ते स्वतः 'हाय' लिहितात.

परवा मी आणि साडू आटपाडीला गेलो. साडूंनी भीतभीत विचारलं, "आप्पा, बटण नीट चालतंय न्हवं?"

"चालतंय की. पर आदी बोट टेकायच्या आत उत्तर यायचं. आता उशीर लागतोय."

साडूंचा चेहरा उतरला.

"आरं, असू दे," आप्पा म्हणाले. "उशीर व्हाय लागला, तवा तर कळलं, आता तू हाईस."

त्या दिवशी चहाला चांगलाच उशीर झाला, पण साडू आप्पांच्या शेजारून हलले नाहीत.