ज्वारीच्या रानात सोलर

ड्रिलिंग मशीन बंद होतं. पॅनलच्या खांबासाठी चुन्यानं केलेल्या खुणेवरच कमलमावशी बसल्या होत्या. भोवती गुडघाभर ज्वारी.

मी सोलर कंपनीची लँड ऑफिसर. प्लँटसाठी जमीन मिळवून देणं हे माझं काम. पाटसच्या पुढची ही जमीन गायरान, म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारनं ती आम्हाला भाड्यानं दिली होती. कागदावर मोकळी होती.

"माझ्या सासऱ्यांनी हितले दगड येचून रान केलंय," मावशी म्हणाल्या. बौद्धवस्तीतली पाच घरं तिथं पिढ्यान् पिढ्या पेरत होती. सातबारावर नाव एकाचंही नाही.

"दिवसा वीज नको का तुम्हाला?"

"पायजे की. बिबट्याच्या भ्यानं रातचं पाणी धरवत न्हाई. पर रानच गेलं तर त्या लायटीचं काय करू?"

सोबत आलेले सरपंच म्हणाले, "म्याडम, ग्रामसभेचा ठराव झालाय. पोलीस बोलवा."

"ठराव कवा झाला, आमच्या वस्तीला म्हाईतच न्हाई," मावशी म्हणाल्या.

मी गायरान पायी फिरले. पलीकडच्या अंगाला मोठा खडकाळ उतार पडीक होता. सरपंचांनी दाखवलेल्या जागेवरून केलेल्या आमच्या ले-आउटमध्ये तो नव्हताच. त्याच्या कडेला पोल्ट्री शेड होती.

"हा तुकडा का वगळला?"

सरपंच म्हणाले, "तितं आमच्या भावकीचं शेड हाय."

तेही अतिक्रमणच. मी कंपनीतल्या माझ्या साहेबांना फोन लावला.

"आता ले-आउट बदलायचा? पोलीस प्रोटेक्शन घे आणि काम सुरू कर."

"सर, प्लँट पंचवीस वर्षं चालवायचाय. पॅनल धुवायला, राखणीला माणसं याच गावातली लागणार. पोलीस किती दिवस ठेवणार?"

साहेब म्हणाले, "उतारावर किती बसतंय बघ."

पुन्हा ग्रामसभा झाली. या वेळी वस्ती आली. मावशी पुढं बसल्या आणि बोलल्या. सरपंच माझ्याकडे बघतही नव्हते. प्लँट उतारावर गेला, थोडा लहान झाला. खडकात ड्रिलिंग रखडलं, त्याबद्दल मी बोलणी खाल्ली. पाच घरांची रानं वाचली. पोल्ट्री शेडला मात्र कुणी हात लावला नाही.

आता तिथं दिवसा वीज येते. मावशींचं नाव सातबारावर अजून लागलेलं नाही. त्यासाठी त्या दौंडला तहसीलमध्ये खेटे घालतात.

नव्या साइटवर मी आता नकाशा नंतर उघडते. आधी रानात कोण आहे ते बघते. काम उशिरा सुरू होतं, पण मध्येच बंद पडत नाही.