एलियाहू नबींची खुर्ची

सत्तेपुढे धर्म ताठ मानेने उभा राहतो म्हणतात. मी त्याला बहुधा खुर्ची पुसून देतानाच पाहिलाय. अलिबागजवळच्या ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये आमदार आले, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. कब्रस्तानाचा रस्ता त्यांच्याच सहीसाठी अडला होता. ते थेट कोपऱ्यातल्या उंच लाकडी खुर्चीकडे वळले.

"साहेब, ती नको," वृद्ध विश्वस्त बेंजामिनकाका म्हणाले. "ती एलियाहू नबींची."

"कधी येणार तुमचे नबी?"

"वाट बघतोय. आमच्या राजाचं पाप त्याच्या तोंडावर काढणारे तेच."

आमदार गुमान प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. हजारो वर्षांपूर्वी राजाला दटावणारा एक माणूस, आणि त्याचा दरारा रिकाम्या खुर्चीतही शिल्लक! मी नकळत उभा राहिलो.

ती खुर्ची आजही दर शुक्रवारी पुसतात. रस्ता झालेला नाही.