खडीसाखरेच्या डबीतली गोळी

सर्व रसिक श्रोत्यांना, आप्तेष्टांना आणि कात्रजपासून बुधवार पेठेपर्यंत वास्तव्य करणाऱ्या समस्त सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचे पोट आज सलग पाचव्या दिवशीही बंद आहे. कृपया शांतता राखावी.

ही घोषणा मी आमच्या बाथरूमच्या दारात उभा राहून, एक हात छातीवर ठेवून केली होती. श्रोत्यांत एकटी बायको होती. ती शाळेत शिक्षिका असल्यामुळे तिच्यावर नाटकांचा परिणाम होत नाही. तिने इसबगोलाचा डबा माझ्या हातात दिला आणि ती शाळेत निघून गेली.

पोट बंद पडायचं कारण होती एक छोटी पांढरी गोळी, आणि गोळीचं कारण होती माझी कंबर. मणक्याचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती. ते यशस्वी झालं असं सगळे म्हणत. माझ्या कमरेला मात्र ते कोणी कळवलं नसावं. दिवसा मी विम्याच्या कचेरीत टेबलामागे बसायचो आणि रविवारी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन करायचो. निवेदन म्हणजे दोन गाण्यांच्या मधे उभं राहून बोलायचं. कचेरीत दुखलं तर खुर्ची मागे ढकलता येते, माइकसमोर तशी सोय नसते. शेवटी शेवटी मी एका पायावर भार देऊन असा उभा राहायचो, की एका गायिकेने विचारलं होतं, "नाचाचा कार्यक्रमही ठेवलाय का?"

साध्या गोळ्या, शेक, पट्टा, व्यायाम असं सगळं करून झाल्यावर मी वेदनांवरच उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "शून्य ते दहामधे किती दुखतं?"

"साडेसहा."

"पूर्ण आकडा सांगा."

"सात म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, आणि सहा म्हटलं तर कमरेचा अपमान."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी गोळी लिहून दिली आणि ती अफूच्या घराण्यातली आहे हेही सांगितलं. मळमळेल, पोट साफ होणार नाही, झोप येईल, गाडी चालवायची नाही, दारूला हात लावायचा नाही, डोस स्वतःहून वाढवायचा नाही आणि एकदम बंदही करायचा नाही. मी यादी ऐकत होतो, म्हणजे मान हलवत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि ज्या दिवशी दुखत नसताना घ्यावीशी वाटेल, त्या दिवशी मला येऊन सांगा." हे वाक्य मला तेव्हा फारच नाटकी वाटलं.

गोळीने काम केलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चौथ्या दिवशी मी वाकून माझ्या बुटाची नाडी स्वतः बांधली. तीन वर्षांत पहिल्यांदा. नाडी बांधून झाल्यावर मी ती सोडली आणि पुन्हा बांधली. दुखणं गेलं नव्हतं. ते शेजारच्या खोलीत जाऊन बसलं होतं, आणि मधलं दार कोणीतरी लावून घेतलं होतं. ज्यांना रोज दुखत नाही त्यांना या दाराची किंमत सांगून कळणार नाही. त्यामुळे पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून कोणी गोळीला शिव्या देऊ नयेत. शिव्यांचा मानकरी वेगळा आहे.

बायकोने गोळ्यांसाठी नवा मिसळणाचा डबा आणला. मोहरी, हळद, हिंग ठेवायचा तोच, आत सात वाट्यांचा. सात वाट्या, सात वार. मधल्या वाटीत रविवार. दर रविवारी संध्याकाळी ती पुढच्या आठवड्याच्या गोळ्या भरायची, रोज सकाळची एक आणि रात्रीची एक. "फोडणीत पडायला नकोत, म्हणून तुझा डबा वेगळा," ती म्हणाली.

पहिला गोंधळ एका रविवारी झाला. दोन तास उभं राहायचं होतं, म्हणून मी सकाळच्या गोळीबरोबर रात्रीचीही घेऊन टाकली. कंबर तर गप्प बसलीच, पण जीभ सुटली. घसा कोरडा पडला होता, नाक खाजत होतं, तरी मला वाटलं की आपण आयुष्यात इतकं सुंदर कधीच बोललो नाही. एका गाण्याआधी मी चंद्रावर बोललो, मग समुद्रावर, मग माझ्या आत्याच्या लग्नावर. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक आजोबा प्रत्येक कार्यक्रमाला येत. मांडीवर कापडी पिशवी, डोळे मिटलेले. ते माझा शब्दन् शब्द आत साठवून घेतायत, अशी माझी खात्री होती. बायको घरी येताना एवढंच म्हणाली, "त्या संवादिनीवाल्याची ओळख तू दोनदा करून दिलीस."

"मोठा कलावंत आहे."

"दुसऱ्या वेळी त्याचं नाव वेगळं होतं."

त्यानंतर मी आपल्या मध्यमवर्गीय संस्कारांना जागून बचत सुरू केली. बरं असेल त्या दिवशी सकाळची गोळी न घेता बाजूला ठेवायची आणि रविवारी वापरायची. म्हणजे सोमवारी बुटाची नाडी बायको बांधणार आणि रविवारी मी चंद्रावर बोलणार. ठेवायची कुठे, हा प्रश्नच नव्हता. माझ्या जाकिटाच्या खिशात घशासाठी एक स्टीलची डबी असते, तिच्यात लवंग, ज्येष्ठमध आणि खडीसाखर. गोळ्या मोडून केलेले अर्धे तुकडे त्या खडीसाखरेत छान मिसळून गेले.

दोन महिन्यांत एक गोळी पुरेना, दोन लागू लागल्या, आणि बचत संपली. तेव्हा मी पेठेतल्या औषधाच्या दुकानात मुदतीआधीच जाऊन उभा राहिलो. काउंटरमागच्या गृहस्थांनी चिठ्ठी उलटसुलट केली.

"अजून आठ दिवसांच्या असतील तुमच्याकडे."

"बेसिनमधे पडल्या हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"बेसिनला काही दुखत होतं का?" त्यांनी चिठ्ठी परत केली. "डॉक्टरांकडून नवीन आणा."

हा विनोद मी त्या आठवड्यात चार जणांना सांगितला, फक्त दुकानातला खोटारडा माणूस दुसराच कोणी असल्यासारखा. आता लिहिताना कळतंय की डॉक्टरबाईंचं ते नाटकी वाक्य मला त्या दिवशीही आठवलं होतं. आठवलं म्हणून तर मी त्यांच्याकडे गेलो नाही. रोजच्याच गोळ्या मोडून त्यांचे अर्धे तुकडे डबीत टाकत राहिलो.

पुढच्या रविवारी सकाळी कार्यक्रम होता. विंगेत सत्तरीच्या गायिका बसल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. गाण्याआधी डबी फिरवायची ही विंगेतली जुनी रीत. ज्याच्या खिशात असेल त्याने पुढे करायची, घेणाऱ्याने न बघता चिमूट उचलायची. बाई म्हणाल्या, "अरे, खडीसाखर दे रे." मी डबी दिली आणि माइककडे गेलो. दिली, कारण तीस वर्षं देत आलो होतो. हात विचार करत नाही.

माझं पहिलं वाक्य वसंत ऋतूवर होतं. 'झाडाझाडांवर' एवढं म्हणून झालं आणि मी सहज विंगेकडे पाहिलं. बाईंनी तळहातावर तीन पांढरे तुकडे घेतले होते. त्या अंधारात डोळे बारीक करून त्यातली एखादी लवंग बाजूला काढत होत्या. बाईंना दम्याचा त्रास. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, दमा आहे का, कारण या गोळीने श्वास मंदावू शकतो.

"बाई, थुंका! तोंडात घालू नका, ती खडीसाखर नाही, माझी गोळी आहे!"

माइक माझ्या हातातच होता. सभागृह खदाखदा हसलं. त्यांना वाटलं, वसंत ऋतूपाठोपाठ हा काहीतरी नवा प्रकार आहे. बाईंनी तुकडे अजून तोंडात घातले नव्हते. त्यांनी ते परत डबीत टाकले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं वाक्य विसरलो. चौथ्या रांगेत एक जण मात्र हसत नव्हती. ती मिसळणाचा डबा भरणारी होती.

घरी जाताना आम्ही रिक्षा केली. स्वारगेटच्या सिग्नलला थांबल्यावर बायको म्हणाली, "त्यांनी खाल्ली असती तर?"

"खाल्ली नाही ना."

"मी ते नाही विचारलं."

सिग्नल सुटला. कात्रज येईपर्यंत मला एकही विनोद सुचला नाही.

घरात शिरताच मी डबी टेबलावर आपटली, तिला सगळं सांगितलं आणि घोषणा केली, "आजपासून ही गोळी बंद. कायमची!"

"टाळ्या हव्यात का?" तिने विचारलं.

डॉक्टरबाईंनी एकदम बंद करू नका म्हटलं होतं. पण हळूहळू बंद करण्यात नाट्य कुठे असतं? दुसऱ्या दिवशी मला जांभया सुरू झाल्या, नाक गळू लागलं, घाम येऊ लागला. पाय गादीवर स्वस्थ राहीनात. आणि ज्या पोटासाठी मी नागरिकांना शांतता राखायला सांगितलं होतं, त्याने महिन्यांची कसर एका दिवसात भरून काढली. तिसऱ्या दिवशी बायकोने मला उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नाडी बघितली, गोळी पुन्हा सुरू केली आणि कमी कशी करायची याचा एक कागद लिहून दिला. मी खाली मान घालून विचारलं, "म्हणजे मी व्यसनी झालो का?"

"शरीराला सवय झाली आहे. ती कोणालाही होते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सवय हळूहळू सोडवता येते," त्या म्हणाल्या. "पण रविवारची गोळी तुम्ही दुखत होतं म्हणून घेतलीत का? मला त्याबद्दल बोलायचंय. आकडा नको, खरं सांगा."

कंबर दुखेल म्हणून घेतली, हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की तिच्याशिवाय त्या माइकसमोर उभं राहायचीच मला भीती वाटू लागली होती. चंद्र, समुद्र, आत्याचं लग्न, हे सगळं गोळीचं, माझं त्यातलं काहीच नाही, असं वाटत होतं. तीस वर्षं ज्याच्या जिवावर मी मिरवत होतो ते बोलणं एका पांढऱ्या तुकड्यात जाऊन बसलं होतं. हे मी बोललो तेव्हा बायको शेजारीच होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला नाही, वगैरे. ती म्हणाली, "पुढच्या कार्यक्रमाला स्टूल न्यायचं."

कागदाप्रमाणे चार महिने गेले. बायको आता आठवड्याच्या वाट्या भरत नाही, रोज एकच भरते आणि समोर बसते. व्यायामाला मी रडतो, पण जातो. सकाळची अर्धी गोळी अजून चालू आहे. ती दुखण्यासाठी आहे. दुखणं आहेच, बहुतेक राहील. डबीत आता फक्त लवंग आणि ज्येष्ठमध. बाई तरीही ती उजेडात नेऊन बघतात.

मग तो रविवार आला. रंगमंचावर उंच स्टूल, खिशात जादा काहीही नाही. पहिलं वाक्य बरं गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर कमरेत कळ आली आणि मी थांबलो. चंद्र आला नाही, समुद्रही नाही. मी स्टुलावर बसलो, श्वास घेतला आणि पुढचं वाक्य शोधू लागलो. ते सापडेना. सभागृहात पंखे ऐकू येत होते. चौथ्या रांगेत बायकोने पदर घट्ट धरला होता. माझ्या मनात आलं, संपलं, आता सगळ्यांना कळलं. शेवटी मी फक्त गाण्याचं नाव सांगितलं आणि बाईंकडे हात केला.

पहिल्या रांगेतल्या आजोबांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा उघडलेले पाहत होतो. त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली, शेजारच्या माणसाकडे वळले आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"वा! म्हणजे आज गाणीसुद्धा ऐकायला मिळणार!"