चौकशीची खिडकी

वसमतच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणारे ते गृहस्थ गाडीची वेळ सांगून वर "बराबर कळलं ना?" असं विचारायचे. एकदा दोन भाऊ पळून गेलेल्या बहिणीला शोधत आले. यांनी सवयीनं ती बसली ती गाडी सांगितली, तिच्या सोबतच्या पोराच्या शर्टाचा रंगसुद्धा. औंढ्याच्या अलीकडे त्या पोरीची अन् पोराची, दोघांचीही प्रेतं सापडली.

आता ते मोबाईलवर एकच जुना सिनेमा बघतात. त्यातही जोडपं पळतं. पेट्रोलपंपावरचा म्हातारा पाठलाग करणाऱ्यांना वाट दाखवायला हात उचलतो, तिथं ते सिनेमा थांबवतात. काल मला म्हणाले, "गुरुजी, ह्यानं काहून सांगितलं असंल?"

तेवढ्यात खिडकीशी एका बाईनं जिंतूरची गाडी विचारली. ते खाली मान घालून म्हणाले, "मला माहीत न्हाई, माय."