शिवकांताच्या अंगावरची माती

भूकंपात घर पडलं, तेव्हा चाकूरच्या माणिकप्पानं शेतातच खोली बांधली. पुढं लातूरला क्लासेस वाढले, तिथं शिकायला आलेल्या पोरांच्या खोल्यांत इन्व्हर्टर आले आणि त्यांच्या जुन्या बॅटऱ्या माणिकप्पाकडं येऊ लागल्या. त्या फोडून तो बांधाजवळच्या भट्टीत शिसं वितळवायचा. तिथली माती हळूहळू मुकी झाली. गवत उगवेना, मुंगीही फिरकेना.

त्याची बायको शिवकांता वारली, तेव्हा लिंगायतांच्या रीतीनं तिला शेतातच बसवून माती दिली. खड्डा भट्टीपाशी घेतला, कारण राखेनं तिथली जमीन भुसभुशीत झाली होती. शिशानं ती माती विषारी झालीय, ही चूक उमगायला बरीच वर्षं गेली.

सून रुद्राणी कृषी महाविद्यालयात विचारून आली. रिठ्याच्या पाण्यात माती घुसळली की शिसं पाण्यात उतरतं. ते पाणी कुठं ओतायचं नाही, झाकणाच्या पिंपात साठवायचं. माणिकप्पा घमेल्या-घमेल्यानं शेत धुऊ लागला. शेवटी समाधीच उरली.

"मामा, तेवढी राहू द्या," रुद्राणी म्हणाली.

"ती त्यातच बसून हाय की, पोरी. उद्या मलाबी तिच्याशेजारीच बसायचंय."

त्यानं समाधीची वरची माती हलक्या हातानं ओढली, धुतली, परत पसरली. सकाळी ती पुन्हा शिशानं काळी पडलेली. पुन्हा धुतली, पुन्हा तसंच. खालून कुणीतरी अंगावरची माती सावकाश वर देत असावं.

रुद्राणी तिकडं जाईनाशी झाली. माणिकप्पाला मात्र भीती वाटली नाही. रोज तो रिकामं घमेलं टेकवून समाधीशी वाकतो.

"दे," तो म्हणतो, "हळूहळू दे. मला कुठं घाई हाय?"