बारा जणींचा उपास

अंड्यांचा व्यापार करणाऱ्याला कोंबड्यांतलं सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. मला काहीएक कळत नव्हतं. साखळी गावच्या बाजारात माझं अंड्यांचं दुकान. रोज सकाळी तीनचाकी टेंपो घेऊन पाळीच्या डोंगरावर दत्तारामबाबांच्या पोल्ट्रीत जायचं, ट्रे भरून आणायचे आणि दुकानादुकानांत पोचते करायचे, एवढाच माझा कोंबडीशी संबंध. कोंबडी रुसते, कोंबडी घाबरते, असलं कोणी सांगितलं तर मी हसायचो.

सांगणारी एकच होती, प्रभावतीबाय. पोल्ट्री ती सांभाळायची. पन्नाशीची, हाडकुळी, सातेलीकडची बाई. नवरा इथल्या खाणीवर कामाला होता म्हणून ती आली, आणि दोन वर्षांत तो तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. दिरांनी परत ये म्हटलं नाही, हिनेही विचारलं नाही. दत्तारामबाबांनी शेडला लागून असलेली एक खोली दिली आणि तिथे तिची अकरा वर्षं गेली. डोंगरावर दुसरं घर नाही. खालच्या रस्त्याने खाणीचे ट्रक जायचे, तेवढीच काय ती वर्दळ. पावसाळ्यात खाण थांबली की तीसुद्धा नाही. माझा टेंपो आला नाही तर त्या दिवशी तिला माणसाचं तोंड दिसत नसे.

म्हणून असेल, ती कोंबड्यांशी बोलायची. चारशे कोंबड्या, चार-चारच्या शंभर पिंजऱ्यांत. त्यांना ती ‘चेडवांनो’ म्हणायची, म्हणजे पोरींनो. मी ट्रे भरत असताना एका हाताने मला चहाचा कप द्यायची आणि वळून पिंजऱ्यातल्या कुणाला तरी दम भरायची. पहिल्या पहिल्यांदा मला वाटे, मलाच बोलतेय.

कोंबडी दीड वर्षाची झाली की अंडी कमी घालते, कवचं पातळ होतात. मग व्यापाऱ्याची गाडी येते, पिंजरे रिकामे होतात, महिन्याभरात नवी तलंगं, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, येतात. अकरा वर्षांत अशा सात पलटणी आल्या नि गेल्या. गाडी यायच्या दिवशी बाय गावाला निघून जायची. दोन दिवसांनी परतायची, पिंजरे खरवडून धुवायची आणि पुढे आठवडाभर माझ्याशी धड बोलायची नाही. एकदा मी गंमत केली, “बाय, कोंबडीचं सुतक किती दिवस हो?” त्या दिवशी चहा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्र्याण्णव साली दत्तारामबाब डिचोलीला कसल्याशा शिबिराला गेले आणि नवीच विद्या शिकून आले. म्हातारी झालेली कोंबडी विकायची नाही. तिचं खाणं दहा दिवस बंद करायचं, शेडमधले दिवे बंद करायचे. फक्त पाणी आणि शिंपल्यांचा चुरा. अंडी थांबतात, कोंबडी रोड होते, जुनी पिसं झडतात. मग हळूहळू दाणा सुरू करायचा, दिवे लावायचे. नवी पिसं फुटतात आणि दीड-दोन महिन्यांत तीच कोंबडी पुन्हा अंड्यावर येते, आणखी वर्षभर घालते. वेळही त्यांनी बरोबर निवडली. श्रावणात अर्धी साखळी अंड्याकडे बघत नाही. माझं दुकान तर माश्या मारण्यापुरतंच उघडं असतं.

हे ते सांगत होते तेव्हा मी तिथेच होतो. बाय मध्येच म्हणाली, “म्हंजे ह्यो जावच्यो नाय?”

“जावच्यो ना. पुराय वर्स रावतल्यो.”

“गाडी येवची नाय?”

“ना गे बाय. पूण धा दीस कितेंच खावंक घालूं नाका. उपास. कळ्ळें मगे?”

तिने मान डोलावली. बाब गेल्यावर तिने मलाही तेच दोनदा विचारलं, गाडी येवची नाय मां? मी नाही म्हटलं. ती इतकी हसली की मला बघवेना. अकरा वर्षांत तिच्याकडे कुणी राहिलं नव्हतं. हे मला त्या हसण्यातून कळलं, आणि मी घाईघाईने टेंपो चालू केला.

उपास सुरू झाला. पहिल्या दिवशी कोंबड्यांनी धीर धरला. दुसऱ्या दिवशी मी चढाव चढतो आहे तोच वरून आवाज आला. तसा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. आत गेलो तर चारशे माना बाहेर आलेल्या, रिकाम्या पन्हळीवर चोची आपटताहेत. बाय खोलीच्या दारात बसली होती, कानांवर हात ठेवून. चहा झाला नव्हता. पाऊस पडत होता, खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि हा कालवा चोवीस तास ऐकायला ती एकटीच. मी दोन ट्रे उचलले आणि पळ काढला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी गेलो तर शेड बऱ्यापैकी शांत. बायच्या कमरेवर टोपली. टोपलीत खवलेला नारळ आणि कुस्करलेली केळी. ओळीतून फिरत ती प्रत्येक पिंजऱ्यासमोर मूठमूठ घालत होती. दत्तारामबाबांच्या भाटात, म्हणजे बागायतीत, नारळ-केळ्यांना तोटा नव्हता. पडलेले नारळ वेचायची मुभा तिला होतीच.

“बाय, हे काय? उपास ना?”

“उपासच आसा,” ती शांतपणे म्हणाली. “ह्यो फराळ.”

मी हातातले ट्रे खाली ठेवले.

“सोमवार मी पण करतंय. केळां खातंय, वरयो खातंय. देवाच्या उपासाक फराळ चलता, सगुणभाऊ. कोंबयांचो उपास देवापरस मोठो काय? दाणो घालू नको म्हणान सांगल्यानी. दाणो मी घालूक नाय.”

खरं सांगायचं तर मला ते पटलंसुद्धा. आमच्या घरीही एकादशीला नेहमीपेक्षा जास्तच खाणं होतं.

पण दाराजवळच्या तीन पिंजऱ्यांपुढे ती थांबली नाही. त्या बारा कोंबड्यांच्या पायाला लाल दोरा बांधलेला होता. दत्तारामबाब दर तीन दिवसांनी येऊन त्यांनाच काट्याला लावायचे. त्यांची वजनं घटली म्हणजे सगळ्यांची घटली, असा हिशेब. त्या बारा जणी टोपली बघून गजांवर चढत होत्या, ओरडून ओरडून त्यांचे आवाज बसले होते. बाय पदराने तोंड झाकून त्यांच्यासमोरून गेली.

“आणि यांना?”

“हेंका दिलंय तर काट्यार दिसतलां. मगे बाब उपास वाडयतलो सगळ्यांचो.” ती जरा थांबली. “घरात एकटी बाई उपास करता नि पुण्य सगळ्या घराक लागता, नाय? ह्यो बाराजणी करतत सगळ्यांचो उपास. धा दीस. मगे मी हेंका पयल्यांदा घालीन.”

मी हसलो. तिने दिलेला चहा प्यायलो. साखळीला येऊन ही गोष्ट मी बायकोला रंगवून सांगितली, तीही हसली. दत्तारामबाबांना मात्र सांगितली नाही. मूठभर खोबऱ्याने काय बिघडणार, असं मनाशी म्हटलं. शिवाय चहाडी कशाला करा! माणसाला गप्प राहायचं असलं की चांगली चांगली कारणं सुचतात.

दत्तारामबाबांचं काय, तर ते पावसाळ्यात शेडच्या आत शिरायचेच नाहीत. वासाने त्यांचं डोकं उठे. नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहायचे, लाल दोऱ्याच्या बारा कोंबड्या काट्याला टांगायचे, त्यांच्या पिंजऱ्यांखाली पडलेला पिसांचा ढीग बघायचे आणि खूश होऊन परत जायचे. आतल्या पिंजऱ्यांखाली पिसं जेमतेमच होती. आत काही कोंबड्या अजून अंडी घालत होत्या, दिवसाला पाच-सात. ती अंडी बाय भाटात खड्डा करून पुरत असे. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

दहाव्या दिवशी बाबांनी उपास सोडला. भरडलेला मका आला, मग नेहमीचं खाद्य आलं, दिवे लागले. बायने बोलल्याप्रमाणे पहिली मूठ त्या बारा जणींना घातली. इतक्या वाळल्या होत्या की मानेची कातडी दिसत होती. खाताना त्यांनी वर मान केली नाही.

चतुर्थी झाली, दसरा जवळ आला. गिऱ्हाईक अंडी मागू लागलं. दाराजवळच्या तीन पिंजऱ्यांत नवल झालं होतं. बारा कोंबड्या पांढऱ्याशुभ्र, नव्या तलंगांसारख्या. बारांत रोज दहा अंडी, कवच असं की ट्रेमध्ये ठेवताना टणकन वाजावं. बाकीचे सत्त्याण्णव पिंजरे होते तसेच. निम्मी अंडीही नाहीत, आणि होती ती हातात घेताच पिचणारी. बाबांनी खाद्य बदललं, दिवे बदलले, शेवटी डिचोलीच्या डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टर सरळ आत गेले. मधल्या ओळीतली एक कोंबडी काढून त्यांनी पंख उघडला. जुनीच पिसं, मळलेली, टोकं तुटलेली. दुसरी काढली, तिसरी काढली. मग दाराजवळची एक काढली, तिचा पंख उघडून बाबांना दाखवला.

“यांना उपाशी ठेवलंत. त्यांना नाही. त्या धड उपाशीही नाहीत आणि धड खाल्लेल्याही नाहीत. त्यांचं शरीर थांबलंच नाही, मग नवं कुठून सुरू होणार?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघू लागलो.

“मी फराळ दिलंय,” बाय म्हणाली.

बाब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त डॉक्टरांना विचारलं, पुन्हा उपास केला तर? डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही, वय पुढे गेलं, आधीच कमकुवत आहेत, मरतील. बायने लगेच विचारलं, “आता काय्येक दिलंय नाय तर? पाणी सोडून काय्येक नाय?” डॉक्टरांनी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली.

गाडी दसऱ्यानंतरच्या मंगळवारी ठरली. मला वाटलं, बाय सोमवारीच गावाला जाईल. मंगळवारी ट्रे आणायला गेलो तर ती शेडमध्येच होती. व्यापाऱ्याची माणसं कोंबड्या पाय धरून, उलट्या, चार-चार एका हातात अशा नेतात. बायने त्यांना आत येऊ दिलं नाही. प्रत्येक कोंबडी तिने स्वतः बाहेर काढली, दोन्ही हातांत धरून, आणि गाडीतल्या पेटीत ठेवली. तीनशे अठ्ठ्याऐंशी वेळा. माणसं कंटाळली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पण तिने घाई केली नाही. दुपार टळल्यावर गाडी उतरणीला लागली तेव्हा तिचे हात ओरबाडून रक्ताळले होते.

बाबांनी नवी तलंगं आणली नाहीत. पोल्ट्रीचा त्यांना वीट आला. पण मन मोठं म्हणायचं, खोली काढून घेतली नाही. आणि त्या बारा कोंबड्या अंड्यावर होत्या म्हणून त्या तिलाच दिल्या.

उरलेले रिकामे ट्रे न्यायला मी आठ दिवसांनी गेलो. शंभर पिंजऱ्यांची शेड, आणि दाराजवळ बारा कोंबड्या. बाय खाद्य घेऊन आली तशा त्या बाराही जणी पुढे झाल्या, माना बाहेर काढून तिच्या हाताला चोचींनी लाडाने टोचू लागल्या. तिने हात झटकन मागे घेतला.

“माझी माया होती त्यो गेल्यो,” ती म्हणाली. “उपाशी रडयलंय त्यो रवल्यो. नि बघा, ह्योच माका बिलगतत.”

ती रडत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, “बाय, तुझी एकटीची चूक नाही. मी चौथ्या दिवशी बघितलं होतं. बाबांना सांगितलं असतं तर वेळेवर सगळं सावरलं असतं. निम्मं पाप माझं.”

तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, एखाद्या परक्याने भलतंच काही मागावं तसं.

“तुमचां कसां?” ती म्हणाली. “तुमच्यो त्यो कोण लागत होत्यो?”

मी ट्रे टेंपोत भरले. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.